मदत हवी आहे: आजोबांनी 1969 साली घेतलेली आदिवासीची जमीन परत कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. डहाणू तालुक्यात आमची साडेतीन एकर चिकूची वाडी आहे. बाबा गेल्यावर वारसनोंदीसाठी जुने फेरफार काढले, तेव्हा कळलं की आजोबांनी ती 1969 साली एका वारली खातेदाराकडून घेतली होती. खरेदीखत आहे, कलेक्टरच्या परवानगीचा कागद मात्र नाही. त्या खातेदाराचा नातू गेली वीस वर्षं आमच्याच वाडीत चिकू उतरवतो. त्याला हे सगळं ठाऊक होतं, आम्हालाच नव्हतं.

अनुसूचित जमातींच्या जमिनी परत देण्याचा 1974 चा कायदा वाचला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 मधले व्यवहार त्यात येतात, म्हणजे आमचा नेमका सापडतो. सुप्रीम कोर्टाने 1984 साली हा कायदा वैध ठरवलाय, आणि मला भांडायचंही नाही.

अडतंय ते पैशापाशी. परत घेणाऱ्याने आकाराच्या (म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) 48 पटीपर्यंत रक्कम भरायची (ती किरकोळ आहे), शिवाय जमिनीत झालेल्या सुधारणांची किंमत. आजोबांनी घेतलं तेव्हा तिथे नुसतं गवत होतं म्हणे. आज विहीर, ठिबक आणि सव्वाशे-दीडशे झाडं आहेत. एवढी किंमत तो मजुरीतून कशी फेडणार, हप्ते पाडून दिले तरी? आम्ही ती सोडली असं प्रतिज्ञापत्र चालतं का? की सरळ बक्षीसपत्र करावं? त्याचं मुद्रांक शुल्क कितपत येतं? आणि अर्ज त्यानेच करायचा की आम्ही तहसीलदारांकडे गेलो तरी चालेल?

चुलतभाऊ म्हणतो, "थांब जरा, वाढवण बंदर येतंय, भाव बघ." त्याचं दुसरं म्हणणं मात्र मला झटकता येत नाही. वाडीवर आठ माणसांची चूल पेटते. उद्या वारसांत तुकडे पडले, फवारणी-खताला भांडवल नसलं, तर झाडं वाळतील आणि आठही जण बोईसरला कंपनीच्या गेटवर उभे राहतील. त्यात आदिवासींना आपली जमीन थेट खासगी लोकांना भाडेपट्ट्याने देता येईल, एकरी वर्षाला किमान 50 हजार, अशी घोषणा महसूलमंत्र्यांनी सप्टेंबर 2025 मध्ये केली. मला त्याची धास्तीच वाटते. आम्ही द्यायची आणि मागच्या दाराने रिसॉर्टवाला शिरायचा.

जमीन त्या नातवाच्या नावावर, आणि पहिली काही वर्षं माल विकायला, औषधपाण्याला आम्ही सोबत, असा करार कायद्यात बसतो का? कोणी प्रत्यक्ष केलंय?

भर: प्रतिसादांत विचारलंय की त्याला स्वतःला काय हवंय. काल वाडीवर जाऊन विचारलं. म्हणाला, "सातबारा नावावर करा, किमतीचं मग बोलू. पण झाडं तुमच्या आजोबांनी कुठं लावली? खड्डे माझ्या बापाने खणले, पाणी माझ्या आयेनं घातलं."

तर आता आणखी एक प्रश्न. सुधारणांची किंमत काढताना ही मजुरी त्याच्या बाजूने धरता येते का?