नावं झाकली की दोघं भाऊ सारखेच बोलतेत, काय करावं?

पाटीपेन्सिल: एकांकिका लिहितोय, १९७२ च्या दुष्काळातली. अण्णा अन् बापू सख्खे भाऊ, दोघंबी तापट, दोघंबी दुष्काळी कामावर खडी फोडायला. वाचन झालं तर पोरं म्हणाली सर कोण बोलायलंय तेच कळंना. म्हणून 'करतोय' साठी अण्णाला लातूरचं 'करलालो' देतो अन् बापूला नांदेडचं 'करायलो'. चालंल ना?

मन्याडकाठ: अजिबात नाही. एका चुलीवर वाढलेले अन् एक लातूरचा एक नांदेडचा? आमच्या कंधारात लोक हसतील. वय बघा की राव. अण्णा ४२ चा धरला तर त्याची शाळा निजामाच्या राज्यातली, वरच्या वर्गात उर्दूच. बापू तिशीचा, म्हणजे तो शाळेत जायच्या टायमाला १९४८ चं पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलेलं, मराठी आलेली. अण्णा 'दरखास्त' म्हणंल, बापू 'अर्ज'. आमचे आजोबा कोर्टाच्या तारखेला शेवटपर्यंत पेशीच म्हणायचे.

काळीमाती: नाही पटलं. हे ठिगळ लावल्यावानी होतं, दहा मिनिटात अण्णा म्हणजे उर्दूवाला, बास, माणूस गेलाच त्यातला. अन् दरखास्त तर आमच्याकडं सगळेच म्हणायचे. माझे दोन चुलते आहेत, आवाज सेम, शिव्या पण सेम, तरी फोनवर मी लगेच ओळखतो कारण थोरल्याला 'जेवलात का' विचारलं की 'का, तू वाढायलास का' अन् धाकटे भाकरी किती, ज्वारी कुणाच्या रानातली, सगळं सांगत बसतेत. एक अडवतो, एक सांडतो.

मन्याडकाठ: भारी. पण असे चुलते पुण्यातबी असतेत, ह्यात मराठवाडा कुठंय?

काळीमाती: ज्वारीत.

पाटीपेन्सिल: 😄 बरं, हे बघा. मुकादम विचारतो, काल कामावर का नव्हतास?
एक: 'हजेरी तुमच्याजवळ, अन् मला पुसता?'
दोन: 'बैल बसला वो रात्री, उठंचना, मग शेजारच्याला हाक मारली, त्येनं शेपूट धरलं...'
सांगा कोण कोण.

काळीमाती: पहिला अण्णा, सरळंय.

मन्याडकाठ: मला बापू वाटला. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा धिंगाणा बघितलेला अण्णा मुकादमापुढं इतका ताठ बोलंल?

काळीमाती: बघितलाय म्हणूनच बोलंल ना.

पाटीपेन्सिल: आता बैल कुणाचा ते परत बघावं लागंल.