मदत हवी आहे: सूर्य दाबून न्यूट्रॉन तारा केला तर आवर्तकाल पटत नाही (बारावी, रोटेशनल डायनॅमिक्स)

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, महाराष्ट्र बोर्ड. सोबत खगोलशास्त्र ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्याची तयारी चालू आहे. रोटेशनल डायनॅमिक्सची सूत्रं पाठ आहेत, पण ती ताऱ्यांना लावायला गेलं की अडतं. क्लासमध्ये विचारलं तर "सीईटीला येत नाही" म्हणून विषय तिथेच संपला. मला मात्र हे समजून घ्यायचंच आहे.

गणित असं. सूर्य विषुववृत्तापाशी साधारण २५ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, त्रिज्या सुमारे ७ लाख किमी. तेवढंच वस्तुमान १० किमी त्रिज्येत कोंबलं, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यासारखा अतिशय दाट गोळा केला, तर अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचा संवेग) तोच राहणार. दोन्हीकडे जडत्व आघूर्णाला (फिरण्यातला बदल रोखणारं जडत्व) भरीव गोलाचं सूत्र घेतलं की दोन पंचमांश (०.४) कटतात आणि उरतो त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, ४९० कोटी. २५ दिवसांचे २१.६ लाख सेकंद. नवा आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) ०.४४ मिलिसेकंद.

पण विषुववृत्तावरचं द्रव्य गुरुत्वाकर्षणाने जेमतेम धरून राहील अशी अट घातली, तर एवढ्या गोळ्याचा कमीत कमी आवर्तकाल ०.५४ मिलिसेकंद येतो. म्हणजे हा तारा बनायच्या आधीच विस्कटायला हवा!

मग वाचनात आलं की सूर्याचं बरंचसं वस्तुमान केंद्राजवळ एकवटलेलं आहे, त्यामुळे ०.४ च्या जागी ०.०७ घ्यावं लागतं. न्यूट्रॉन ताऱ्याला ०.४ च ठेवलं की उत्तर २.५ मिलिसेकंद. आता तारा टिकतो. एका गुणकाने एवढा फरक पडतो हे बघून मी कितीतरी वेळ वहीकडे बघत बसले होते.

आता अडलंय ते इथे. १०५४ साली दिसलेल्या स्फोटातून उरलेला क्रॅब पल्सर (वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा) एका फेरीला ३३ मिलिसेकंद घेतो. मग बाकीचा अँग्युलर मोमेंटम गेला कुठे? आणि दुसरं, त्याचा आवर्तकाल रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. जडत्व आघूर्ण १०³⁸ किग्रॅ मी² धरून त्याची घटणारी गतिज ऊर्जा काढली तर ४.६ × १०³¹ वॅट येते, म्हणजे सव्वा लाख सूर्यांइतकी. पण वेग कमी व्हायला बाहेरून टॉर्क (फिरणं बदलणारा जोर) लागतो ना? तिथे बाहेर तर कोणीच नाही. मग ब्रेक कोण लावतं?

जाणकारांनी कृपया पायरी-पायरीने सांगावं, थोडं कॅल्क्युलस चालेल.

प्रतिसाद

छान प्रश्न. आधी सूर्य बाजूला ठेव, तो न्यूट्रॉन तारा होणारच नाही. त्यासाठी सूर्याच्या साधारण आठपट किंवा जास्त वस्तुमानाचा तारा लागतो, आणि कोसळतो तो त्याचा फक्त लोखंडी गाभा, त्रिज्या काही हजार किमी. कोसळण्याआधी त्या गाभ्याकडे किती अँग्युलर मोमेंटम शिल्लक होता, ते महत्त्वाचं. तारा फुगतो तसे बाहेरचे थर मंदावतात आणि चुंबकीय क्षेत्रामुळे गाभ्याचा अँग्युलर मोमेंटम त्यांच्याकडे जात राहतो. एकूण बेरीज कायम, गाभ्याचा वाटा मात्र घटतो. केप्लर दुर्बिणीने लाल राक्षसी ताऱ्यांची कंपनं मोजली, तेव्हा त्यांचे गाभेही अपेक्षेपेक्षा बरेच हळू फिरताना आढळले.

ब्रेकचं म्हणशील तर, पल्सरचं चुंबकीय क्षेत्र त्याच्यासोबत फिरतं. त्यातून निघणारी प्रारणं आणि कणांचा वारा ऊर्जेसोबत अँग्युलर मोमेंटमही घेऊन जातात. जे बाहेर गेलं त्याची प्रतिक्रिया ताऱ्यावर, तोच टॉर्क. तुझे ४.६ × १०³¹ वॅट याच वाटेने जातात. क्रॅब तेजोमेघ (त्याच स्फोटातून उरलेला वायूचा ढग) आजही उजळतो तो त्यातल्याच ऊर्जेवर.

आता उलटं गणित कर. क्रॅबचा जन्मावेळचा आवर्तकाल २० मिलिसेकंदांच्या आसपास मानतात. त्यावरून गाभा किती वेगाने फिरत होता ते काढ.

धागाकर्ती

खूप खूप आभार सर! गाभ्याची त्रिज्या २००० किमी धरली. गुणोत्तराचा वर्ग ४०,०००, म्हणून ८०० सेकंद, जवळजवळ सव्वातेरा मिनिटं. पण गाभ्याचं वस्तुमानही केंद्राजवळच दाटलेलं असणार, म्हणजे इथेही ०.४ चालणार नाही आणि उत्तर सव्वातेरा मिनिटांच्या खाली येईल. बरोबर ना? गाभ्यासाठी कुठला गुणक घेऊ?