फाल्कन ४.० : बाइंडरवाली जुनी पेटी घ्यावी की डिजिटल प्रत आणि पीडीएफ?

सह्यवारा

एफ-१६ हे लढाऊ विमान सिम्युलेटरवर नीट शिकायचं आहे, अगदी थंड पडलेलं विमान सुरू करण्यापासून. फाल्कन ४.० हा जुना फ्लाइट सिम्युलेटर गेम घेऊन त्यावर बीएमएस (चाहत्यांनी केलेली त्याची मोफत सुधारित आवृत्ती) टाकायचं हे नक्की. अडलंय ते गेम कुठल्या रूपात घ्यावा यावर. एका विक्रेत्याकडे १९९८ ची मोठी पेटी आहे, आत रिंगांच्या बाइंडरमधलं जाडजूड मॅन्युअल. किंमत डिजिटल प्रतीच्या कित्येक पट, शिवाय परदेशातून येणार म्हणजे टपालखर्च आणि कस्टम्स वेगळं. नाहीतर स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानांतून घ्यायचा आणि पीडीएफवर भागवायचं. पण शेकडो पानं वाचायची तीही स्क्रीनवर आणि उडवायचं तेही त्याच स्क्रीनवर, हे जमतं का?

माझ्याकडे २७ इंची एक मॉनिटर, जॉयस्टिक आणि थ्रॉटल, १० इंची टॅब्लेट आहे. व्हीआर हेडसेट अजून नाही, पुढेमागे घेईन. पीडीएफ छापायची झालीच तर सगळी छापावी की निवडक, आणि कशी?

थ्रॉटलमास्तर

बीएमएससाठी घेत असाल तर बाइंडरवर पैसे घालू नका. बीएमएसचा इन्स्टॉलर तुमच्याकडे फाल्कन ४.० ची अधिकृत प्रत आहे का एवढं तपासतो, आणि त्याला स्टीम-जीओजीची प्रत पुरते. त्यानंतर मूळ गेममधलं फार थोडं तुमच्यासमोर येतं. कॉकपिट, रडारची पानं, शस्त्रं, कळांची मांडणी सगळं बदललंय. बाइंडरमध्ये बघून बटण शोधायला गेलात तर ते जागेवर नसेल किंवा वेगळंच काही करेल. आपण चुकतोय की पुस्तक जुनं झालंय, हे नवशिक्याला ओळखता येत नाही आणि तास वाया जातात. त्या बाइंडरमध्ये आजही वाचण्यासारखं आहे ते पीट बोनानी यांचं प्रशिक्षण. ते स्वतः एफ-१६ चे वैमानिक. जवळच्या लढाईतली वळणं, वेग आणि उंचीचा हिशेब, शत्रूच्या मागे कसं राहायचं, हे सॉफ्टवेअरबरोबर जुनं होत नाही.

बीएमएसची स्वतःची मॅन्युअलं इन्स्टॉल झाल्यावर त्याच्या फोल्डरमधल्या 'डॉक्स'मध्ये सापडतात. पहिल्यांदा ट्रेनिंग मॅन्युअल उघडा. त्यातल्या प्रत्येक धड्याला जोडून गेममध्ये एक मिशन तयार आहे. धडा वाचायचा, मिशन करायची, अडलं की परत धडा. विमानाच्या यंत्रणांसाठी डॅश-१ आणि शस्त्रांसाठी डॅश-३४ ही दोन्ही संदर्भाची पुस्तकं आहेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचायची नव्हेत. पीडीएफच्या पहिल्या पानावर आवृत्ती लिहिलेली असते. ती आणि तुमच्या गेमची आवृत्ती जुळते का ते आधी बघा, कारण नव्या आवृत्तीबरोबर मॅन्युअलंही बदलतात. पूर्ण छापलेलं पुस्तक इथेच मार खातं.

डीसीएस या दुसऱ्या सिम्युलेटरची एफ-१६ घेतलीत तरी हेच. ती २०१९ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आली, पुढची काही वर्षं तिच्यात सेन्सर आणि शस्त्रं येत राहिली आणि मॅन्युअल मागून वाढत गेलं. ते डीसीएसच्या 'मॉड्स'मध्ये, 'एअरक्राफ्ट'खाली, त्या विमानाच्या 'डॉक' फोल्डरमध्ये असतं.

कागदावर हवी ती चेकलिस्ट. इंजिन सुरू करतानाचंच बघा. जेएफएस (इंजिन फिरवणारा स्टार्टर) 'स्टार्ट-२' वर टाकला की नजर आरपीएमच्या काट्यावर, डावा हात थ्रॉटलवर, उजवा माउसवर. काटा २० टक्क्यांवर आला की थ्रॉटल आयडलला. त्याआधी दिलात तर इंजिनात पुरेशी हवा नसताना इंधन पेटतं, तापमान चढतं आणि हॉट स्टार्ट होतो. या अर्ध्या मिनिटात आल्ट-टॅब करून पीडीएफ शोधणं म्हणजे काटा हुकणं. आयएनएस (विमानाची जागा आणि दिशा सांगणारी यंत्रणा) नीट जुळवायला आठेक मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात मात्र स्क्रीनवर हवं ते वाचता येतं. तेव्हा सुरुवात, टॅक्सीपूर्व तपासणी, उतरणं, आणीबाणी आणि तुमच्या जॉयस्टिक-थ्रॉटलच्या बटणांचा तक्ता, एवढं छापा. २०-३० पानांत बसतं.

शाईदौत

चेकलिस्टबद्दल एकमत. पण ट्रेनिंग मॅन्युअलही छापावं असं माझं ठाम मत आहे, निदान सुरुवातीचे धडे. लांब मजकूर समासात पेन्सिलने खुणा करत, संगणकापासून लांब बसून वाचला की डोक्यात राहतो. आवृत्ती बदलली तर बदललेली पानं तेवढी पुन्हा छापायची, म्हणून पक्की बांधणी नको. दोन किंवा चार भोकांची फाइल घ्या.

आता छपाई. गेमची बरीच मॅन्युअलं अमेरिकी लेटर आकारात असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-४ म्हणजे २१० बाय २९७. 'ॲक्चुअल साइझ' ठेवलंत तर दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जातात. 'फिट' निवडा, मजकूर जेमतेम तीन टक्के लहान होतो. भोकांच्या बाजूला १२ ते १५ मिलिमीटर जागा मोकळी हवी, नाहीतर ओळींची सुरुवातच रिंगेत जाते.

चेकलिस्ट ए-५ मध्ये करा, मांडीवर किंवा थ्रॉटलशेजारी राहते. इथे एक चूक हमखास होते. 'एका कागदावर दोन पानं' करून पाठपोट काढतात आणि मधून कापतात. मग १ च्या मागे ४ येतं आणि २ च्या मागे ३. कापायचंच असेल तर दुकानदाराला ए-५ कागदावर, लांब कडेने उलटणारं पाठपोट सांगा. घडी घालून मध्ये पिना मारायच्या असतील तर 'बुकलेट' निवडा आणि छोट्या कडेने उलटणारं पाठपोट. उलट केलंत तर मागची पानं डोक्यावर उभी येतात. बुकलेटला एकूण पानं चारच्या पटीत लागतात, कमी पडली तर शेवटी कोरी राहतात.

बांधायचंच असेल तर वायरो (दुहेरी तारेच्या रिंगांची बांधणी). पान पूर्ण मागे वळतं आणि वही सपाट पडते. प्लास्टिकच्या स्पायरलमध्ये पान वळतं, पण जाड वहीत कडेला अडतं आणि कोपरे फाटतात. ६०० पानं पाठपोट छापली तर ए-४ चे ३०० कागद. ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद असेल तर ठोकळा साधारण तीन सेंटिमीटर जाड आणि दीड किलो वजनाचा. एका वहीत बांधू नका, दोन भाग करा.

लेझर प्रिंटच घ्या. इंकजेटची शाई घामाच्या हाताने आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने पसरते. एमएफडीची (कॉकपिटमधल्या माहितीच्या पडद्यांची) चित्रं काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघांची असतात, कृष्णधवलमध्ये त्या रेघा करड्या होऊन काळ्यात बुडतात. तेवढीच पानं रंगीत काढा. सगळं रंगीत काढायची गरज नाही.

पानगळ

काही गोष्टी राहिल्या.

व्हीआर घ्यायचा विचार असेल तर छापलेल्या कागदाचा उपयोग त्या दिवशी संपतो, हेडसेट घातल्यावर मांडीवरची वही दिसत नाही. ओपननीबोर्ड हे मोफत सॉफ्टवेअर पीडीएफची पानं हेडसेटमध्येच दाखवतं. डीसीएसमध्ये तर नीबोर्ड (वैमानिकाच्या गुडघ्यावरची पाटी) आहेच. 'सेव्ह्ड गेम्स'मधल्या डीसीएसच्या फोल्डरमध्ये 'नीबोर्ड' आणि त्यात विमानाच्या नावाचं फोल्डर करून पानांच्या पीएनजी प्रतिमा टाका, त्या गुडघ्यावर दिसतात. मजकूर मोठ्या टाइपात हवा. ए-४ चं भरगच्च पान हेडसेटमध्ये वाचता येत नाही. म्हणून चेकलिस्ट ए-५ मध्ये करताय तीच फाइल जपून ठेवा, पुढे कामाला येईल.

टॅब्लेटवर पीडीएफ ठेवणार असाल तर ती शोधता येण्याजोगी आहे का ते आधी तपासा. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर ठीक. अख्खं पान चित्रासारखं वागलं तर ते स्कॅन आहे आणि त्यात शोध चालणार नाही. जुन्या गेमबरोबर मिळणारी मॅन्युअलं बहुतेक अशीच असतात. एकदा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करून घ्या आणि प्रकरणांना बुकमार्क लावा. पाचशे पानांत बोटाने सरकवत पान शोधणं हे डिजिटल मॅन्युअल नकोसं वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते दहा मिनिटांत दूर होतं.

जुनी पेटी घेण्यात अर्थ असतो तो छापील सामग्री खेळाचा भाग असते तेव्हा. १९८८ च्या वेस्टलँडमध्ये गेम मध्येच सांगतो, अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा, आणि तो पुस्तिकेत असतो. आगाऊ वाचणाऱ्यांना चकवायला त्यात खोटे परिच्छेदही घातलेत. पूल ऑफ रेडियन्समध्ये तशीच रोजनिशी, वर रुन्स (गूढ लिपीतली अक्षरं) वाचायचं कोडचाक. १९८९ च्या सिमसिटीत शहरांच्या यादीचा गडद लाल कागद, तो झेरॉक्स होऊ नये म्हणून तसा. अशी पेटी घेताना आतल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा फोटो मागा. चाक किंवा तो कागद नसेल तर पेटी अपुरी समजा. मॅन्युअल कुठल्या भाषेत आहे तेही विचारा, युरोपातल्या पेट्यांत जर्मन किंवा फ्रेंच निघतं. आणि डिस्क चालेल हे गृहीत धरू नका. सेफडिस्क हे कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्क विंडोज १० पासून मुळात चालतच नाहीत.

किनारपट्टीला राहत असाल तर पिनांना गंज चढतो आणि तो कागदात उतरतो. गंजलेली पिन काढून जागी दोरा ओवा. वही कपाटाच्या तळाशी नको, वरच्या फळीवर उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

सह्यवारा

पेटीचा विचार सोडला, जीओजीवरून घेतो. चेकलिस्ट ए-५ वायरो आणि ट्रेनिंगचे पहिले धडे फाइलमध्ये. ए-५ ला कागद किती जीएसएमचा घ्यावा? आणि लॅमिनेशन करावं का?

शाईदौत

१०० जीएसएम. ७० च्या कागदावर पाठपोट काढलं की मागचा मजकूर दिसतो. लॅमिनेशन फक्त बटणांच्या तक्त्याला, तेही मॅट. चकचकीत फिल्मवर मॉनिटरचा उजेड परावर्तित होतो आणि अंधाऱ्या खोलीत नेमकी हवी तीच ओळ पुसल्यासारखी होते. पण बटणांची मांडणी महिनाभर वापरून पक्की झाली की मगच करा. तोवर साध्या कागदावर पेन्सिलने.