आजींची तब्येत ७५, सुनेच्या मते ३५. कोणता आकडा धरू?

महालवाली:
प्रबंधासाठी नागपूरच्या महाल भागात घरोघरी फिरून गुडघेदुखीच्या रुग्णांची माहिती घेते आहे. हातात ईक्यू-५डी या तब्येत मोजायच्या प्रश्नावलीची उभी पट्टी असते. खाली ० म्हणजे कल्पनेतली सगळ्यात वाईट तब्येत, वर १०० म्हणजे सगळ्यात चांगली. काल एका आजींनी थेट ७५ वर बोट ठेवलं. भिंत धरून न्हाणीपर्यंत जातात त्या. म्हणाल्या, "बारा आणे चालून राहिलं न बाई, आखिन काय पाह्यजे?" सुनेला आजींबद्दल विचारलं, तर ३५. का? "काठावर पास." शंभर तर कोणी देतच नाही, दृष्ट लागते म्हणे. आकडे सगळे ५ नाहीतर १० च्या पटीत. रात्री झोप लागली नाही. यावरून औषधोपचाराचा फायदा कसा मोजणार?

फिजिओ_धरमपेठ:
आजी खोटं बोलत नाहीत. वर्षानुवर्षं सोसलं की आतलं मापच सरकतं. सुनेला गेलेलं दिसतं, आजींना उरलेलं. दोन्ही लिहा, पण सरासरी काढू नका. टोकं टाळणं तर सगळीकडेच आढळतं.

काटोलकर:
आमची संत्र्याची बाग आहे. बारीक फळांच्या ढिगात मध्यम फळही 'मोठं' ठरतं. तब्येतीच्या वर्णनांची कार्डं दाखवत असाल तर तिथेही हेच होतं, सौम्य आजार जास्त असले की लोक ते पट्टीभर पसरवतात. पार्डुची या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे नीट मांडलंय. कार्डं दर घरी पिसा आणि क्रम लिहून ठेवा.

शिवाय पट्टीवर बोट ठेवताना काही गमवावं लागत नाही. म्हणून टोरन्स, थॉमस आणि सॅकेट या संशोधकांनी १९७२ मध्ये काळाचा सौदा आणला: असे गुडघे घेऊन १० वर्षं, की ठणठणीत ७? जितकी वर्षं सोडायची तयारी, तितकी तब्येत वाईट धरायची. ईक्यू-५डी-५एल, म्हणजे त्याच प्रश्नावलीची पाच पातळ्यांची आवृत्ती, हिचा भारताचा मूल्यसंच (कोणत्या उत्तरांना किती मोल, याचा लोकांना विचारून केलेला तक्ता) २०२२ मध्ये आला, त्यातही ही पद्धत आहे. फायद्याचं गणित त्या संचावरून करा. पट्टी आजींचं स्वतःचं मत म्हणून ठेवा.

महालवाली:
आज परत गेले. सौद्याचा प्रश्न विचारला. आजी म्हणाल्या, एक दिवसही देणार नाही, नातीचं लग्न पाहायचंय. म्हणजे या हिशोबाने तर त्यांची तब्येत पूर्ण १०० टक्के, आणि उठताना मीच हात दिला होता! मूल्यसंचच वापरते. आधीच्या घरांत कार्डांचा क्रम लिहिलेला नाही, ते कागद वेगळे काढलेत. सुनांची उत्तरं मात्र टाकवत नाहीत. ती प्रबंधात कुठे बसवायची?