मदत हवी आहे (जून २०२५): नेट्सच्या ८ नंबरच्या पिकला फिअर्स, याकुचोनिस की द्योमिन?

नमस्कार मंडळी, इथे एनबीए ड्राफ्ट (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो) फॉलो करणारं कोणी असेल तर प्लीज जरा मदत करा. २५ जून २०२५ ला ड्राफ्ट आहे, तोही आमच्याच बार्कलेज सेंटरला, आणि ब्रुकलिन नेट्सकडे पहिल्या राउंडचे चार पिक (खेळाडू निवडायच्या पाळ्या) आहेत, ८, १९, २६, २७. शेवटच्या तिघांचं पुढचं पुढे बघू, पण ८ नंबरला कोणता गार्ड (बॉल घेऊन खेळ चालवणारा) घ्यावा ते मला काही केल्या ठरवता येत नाहीये.

मी न्यू जर्सीत राहतो, टीम इथे होती तेव्हापासून नेट्सवालाच, २०१२ ला ब्रुकलिनला गेली तरी सोडली नाही. गेल्या उन्हाळ्यात ह्यूस्टनला फिनिक्सचे पिक देऊन यंदाच्या आपल्या पिकवरचा त्यांचा हक्क सोडवून घेतला, मग सीझनभर हरलो, २६-५६, आणि लॉटरीत (पिकचा क्रम ठरवणारी सोडत) सहाव्या जागेवरून घसरून आठवर आलो. एवढं सोसून हातात आलेला पिक आहे, तो वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. टीममध्ये पुढची दहा वर्षं बॉल हातात देऊन निर्धास्त राहावं असा पॉइंट गार्डच नाहीये.

आमच्या इथल्या पिस्काटवेच्या रटगर्स कॉलेजचा डिलन हार्पर, तो दोन नंबरला सॅन अँटोनियोच नेणार, बेलर कॉलेजचा गार्ड एजकोंबही आठपर्यंत उरत नाही. टेक्ससचा ट्रे जॉन्सन (मॅचमागे १९.९ पॉइंट, थ्री म्हणजे लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट जवळपास ४० टक्के) घसरत आला तर डोळे झाकून घ्या, विषय संपला. पण तसं होईल असं वाटत नाही, म्हणून उरतात हे तिघं.

ओक्लाहोमाचा जेरेमाया फिअर्स. खरं तर यंदा हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असायचा, एक वर्ष आधीच कॉलेजात आला, ऑक्टोबरमध्ये कुठे १८ पूर्ण झाले आणि तरी एसईसीसारख्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेज टीमचा गट) १७.१ पॉइंट, ४.१ असिस्ट (ज्यावर बास्केट होते असा पास). पहिलं पाऊल इतकं जबरदस्त की समोरचा मागेच राहतो, मॅचमागे सहाच्या वर फ्री थ्रो (फाउल झाल्यावरचा मोकळा शॉट) मिळवतो. पण थ्री फक्त २८.४ टक्के, टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमकडे घालवणं) ३.४, आणि अंग अजून भरलेलं नाही, रिमजवळ (बास्केटच्या कड्याजवळ) धक्का लागला की शॉट बिघडतो.

इलिनॉयचा कास्पारास याकुचोनिस, लिथुएनियाचा, बार्सिलोनात तयार झालेला. १५ पॉइंट, ५.७ रिबाउंड, ४.७ असिस्ट. पिक अँड रोलमध्ये (साथीदाराच्या आडोशाने खेळायची चाल) डोकं थंड, स्टेप बॅक (मागे सरकून मारलेला शॉट) सुंदर, मला बघायला सगळ्यात जास्त हाच आवडतो. जानेवारीत हाताच्या दुखण्याने काही मॅच बाहेर होता आणि नंतर शूटिंग तसं राहिलं नाही, थ्री शेवटी ३१.८ वर आला. आणि टर्नओव्हर ३.७! दबाव टाकणारा लांब हाताचा डिफेंडर अंगावर आला की याचा पास हमखास हुकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तिसरा बीवाययूचा (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) येगोर द्योमिन, मॉस्कोचा, रिआल माद्रिदच्या ज्युनियर टीमचा. अनवाणी मोजला तरी ६ फूट ८ इंच, आणि या उंचीवरून पास असे देतो की बाकी दोघांना ती जागाच दिसणार नाही. ५.५ असिस्टला २.९ टर्नओव्हर, तिघांत सगळ्यात बरं प्रमाण. पण १०.६ पॉइंट, थ्री २७.३, फ्री थ्रो ६९.५, आणि समोरच्याला मागे टाकून आत घुसता येत नाही.

तर माझे प्रश्न. कॉलेजातला थ्रीचा टक्का खरा मानायचा की फ्री थ्रोचा? वयाला किती वजन द्यायचं? आणि टर्नओव्हर वयाबरोबर सुधारतात का, की तो स्वभावच असतो? मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये गार्ड खेळतो, तो फिअर्ससाठी अडून बसलाय, पण त्याला फक्त वेग दिसतो असं मला वाटतं. कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

तुमच्या मुलाचं म्हणणं उडवून लावू नका दादा. एकट्या थ्रीच्या टक्क्यावर कधीच जाऊ नका, कॉलेजचा सीझन म्हणजे तीस-पस्तीस मॅच, त्यात शंभर-सव्वाशे शॉट, चार कमी-जास्त गेले की टक्का कुठल्या कुठे जातो. फ्री थ्रोला समोर कोणी नसतं, अंतर तेच, त्यातून हात कसा आहे ते कळतं. टायरीस मॅक्सी बघा, केंटकीत थ्री २९.२ आणि फ्री थ्रो ८३.३, लोक शूटिंगवरून नाकं मुरडत होते, २०२० ला २१ नंबरपर्यंत खाली आला, आणि २०२१-२२ च्या सीझनला फिलाडेल्फियात थ्री ४२.७ टक्के. उलट २०१७ चे पहिले दोन पिक आठवा, फुल्ट्झ आणि लॉन्झो बॉल, दोघांचेही थ्री ४१ च्या पुढे, पण फ्री थ्रो ६४.९ आणि ६७.३. लॉन्झोचा पहिल्याच वर्षी थ्री ३०.५ वर आला. फुल्ट्झचं प्रकरण वेगळं, खांद्याचं दुखणं होतं, त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये. आणि लॉन्झोनेही पुढे मेहनत करून शॉट सुधारला हेही खरं.

अजून एक मुद्दा जो लोक विसरतात, कॉलेजात डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा नियम नाही, मोठा खेळाडू रिमखाली ठाण मांडून उभा राहू शकतो. एनबीएत ती जागा मोकळी होते, थ्रीची लाइनही लांब असल्याने डिफेन्स पसरतो. म्हणजे फिअर्ससारख्या घुसणाऱ्या गार्डला तिथे उलट जास्त वाव मिळेल. फ्री थ्रोही तो चांगले मारतो, म्हणून माझं मत फिअर्स.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बऱ्यापैकी सहमत, पण टर्नओव्हरबद्दल बोलतो. नुसता आकडा बघू नका, बॉल कसा गेला ते बघा. ट्रे यंग ओक्लाहोमात मॅचमागे ५ च्या वर टर्नओव्हर करायचा, पण त्याच वर्षी पॉइंट आणि असिस्ट दोन्हीत देशात पहिला होता, सगळा बोजा त्याच्यावर. जो अवघड पास ट्राय करताना बॉल घालवतो तो शिकतो, टीममेट चांगले मिळाले की तेच पास पोचतात. जो ड्रिबल करतानाच हातातून घालवतो त्याची मला जास्त काळजी वाटते. याकुचोनिसमध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून त्याच्या मॅच बघताना वेगवेगळे मोजा.

द्योमिनचं म्हणाल तर सुरुवातीच्या दुबळ्या टीमविरुद्धचे आकडे बाजूला काढा, त्यांच्या बिग १२ कॉन्फरन्सच्या मॅच सुरू झाल्यावर त्याचा खेळ किती खाली आला ते बघा. उंची आणि नजर कोणी शिकवू शकत नाही हे मान्य, पण तो आत घुसेल अशी भीतीच नसेल तर डिफेंडर मागे सरकून पासचीच वाट बघत उभा राहतो. हायलाइट बघू नका, एखाद्या तोडीस तोड मॅचचा पूर्ण सेकंड हाफ बघा.

धागाकर्ता

दोघांचेही खूप खूप आभार, फ्री थ्रोचा आणि डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मुलाला वाचून दाखवलं, तो भलताच खूश झालाय. आता मीही फिअर्सकडे झुकलोय, पण अडचण अशी की ७ नंबरला न्यू ऑर्लिन्स आहे आणि त्यांनाही गार्ड हवाच आहे, त्याला आमच्यापर्यंत सोडतील असं वाटत नाही. तो गेला तर मग माझं मन याकुचोनिसकडे, फ्री थ्रो त्याचेही ८४.५ आहेत, आणि आमचा कोच जॉर्डी फर्नांडेझ बार्सिलोनाशेजारच्या बादालोनाचा, तिथल्या तालमीतून आलेल्या मुलाला कसं वापरायचं हे त्याला नक्की समजेल.

आज रात्री याकुचोनिसच्या मार्चमधल्या मॅच लावतो आणि सांगितल्याप्रमाणे टर्नओव्हर वेगवेगळे मोजतो. कोणी द्योमिनच्या बाजूने असेल तर त्यांनीही लिहा, विशेषतः त्याचा शॉट सुधारेल असं का वाटतं ते, कारण उंची सोडून त्याच्या बाजूने अजून कोणी ठोस काही सांगितलेलं नाही.