एलएसझेड : तीन आयसोमरपैकी एकच एलएसडीसारखा का?

प्रश्न (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी)
एलएसडी या भ्रमकारक द्रव्यातील डायइथाइलअमाइडच्या जागी एलएसझेड या त्याच्या जवळच्या संयुगामध्ये 2,4-डायमिथाइलअ‍ॅझेटिडीन हे चार अणूंचे वलय असते आणि त्याचे तीन आयसोमर (अवकाशातील मांडणीपुरते वेगळे असलेले रेणू) संभवतात. तिन्हींचे अणू आणि बंध तेच असताना (एस,एस) हा एकच आयसोमर एलएसडीच्या तोडीचा का ठरतो?

पहिले उत्तर
एलएसडीतील दोन इथाइल गट बरेच हलते असतात. एका जादा कार्बनने ते एकमेकांना जोडले की हेच वलय तयार होते आणि मिथाइल टोकांची दिशा पक्की होते. सिस आयसोमरमध्ये ती टोके वलयाच्या एकाच बाजूला असतात, उरलेल्या दोघांत, म्हणजे (एस,एस) आणि (आर,आर) यांत, विरुद्ध बाजूंना. रेणूचा उरलेला लायसर्जिक भाग स्वतःच कायरल (आपल्या आरशातील प्रतिबिंबाशी न जुळणारा) असल्यामुळे (एस,एस) आणि (आर,आर) ही संयुगे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे राहत नाहीत, म्हणून रिसेप्टर (पेशीवरील ज्या प्रथिनाला रेणू जोडला जातो ते) त्यांना सारखे वागवत नाही. पर्ड्यू विद्यापीठात डेव्हिड निकोल्स यांच्या गटाने 2002 मध्ये, एलएसडी आणि सलाइन यांतील फरक ओळखायला शिकवलेल्या उंदरांवर तिन्ही तपासली, तेव्हा (एस,एस) एलएसडीहूनही किंचित प्रभावी निघाले. त्यांचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो : रिसेप्टरमध्ये इथाइल गटांची मांडणी एलएसडीच्या स्फटिकातील मांडणीहून वेगळी असावी. केवळ स्फटिकावर विसंबून संयुग आखणारा येथे फसला असता.

दुसरे उत्तर
यापुढचा दुवा 2017 चा आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील ब्रायन रॉथ यांच्या प्रयोगशाळेने 5-एचटी2बी या सेरोटोनिन रिसेप्टरमध्ये बसलेल्या एलएसडीची रचना उलगडली. रिसेप्टरच्या बाहेरील एक वळे रेणूवर झाकणासारखे बसते, त्यामुळे एलएसडी फार सावकाश सुटते. झाकणातील ल्युसीन हे एक अमिनो आम्ल बदलून अ‍ॅलनीन बसवले की एलएसडी लवकर सुटते आणि रिसेप्टरकडून पेशीत जाणाऱ्या दोन संकेतांपैकी अरेस्टिन या प्रथिनामार्फत जाणारा दुबळा होतो, जीक्यू या प्रथिनामार्फत जाणारा मात्र बराचसा टिकतो. अमाइड गटाच्या दिशेचे महत्त्व त्यामुळे केवळ जोडणीच्या ताकदीपुरते उरत नाही.

प्रश्नकर्ती
मग उंदरांवरील निष्कर्षांवरून माणसातील सुरक्षिततेचा अंदाज बांधता येईल का?

पहिले उत्तर देणारे
नाही. ती चाचणी फक्त एलएसडीशी असलेले साम्य सांगते. 5-एचटी2बी दीर्घकाळ उद्दीपित राहिल्यास हृदयाच्या झडपा जाड होऊ शकतात. पर्गोलाइड या अर्गोलिनच्या (एलएसडीच्याच रासायनिक कुळातील औषधाच्या) बाबतीत ते दिसले आहे. रक्तवाहिन्यांचे आकुंचनही स्वतंत्रपणे तपासावे लागते.