रुंदीकरणात ओटा जातोय, सही करावी का?

रामबागकर:
इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली. परवा दोघं येऊन लाल रंगाने खूण करून गेले, ओट्यापासून अकरा फूट आत. ती नेमकी आईच्या तुळशीवृंदावनावरून जाते. पैशाऐवजी वाढीव एफएआर, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, घ्या आणि सही करा म्हणतात. मातीच्या भिंतींवर मजला कसा चढवायचा? आई दोन दिवस नीट जेवली नाही.

मल्हारगंजवाला:
ताई, सही मुळीच करू नका! आधी नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते बघा, सगळं त्यावर ठरतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल, तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत देता येते. भरपाईत जमिनीसोबत बांधकाम आणि झाडंही मोजतात, वर १०० टक्के सोलेशियम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम. हरकतीच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्याच.

वकीलकाका:
१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, पण घटनेचं कलम ३००अ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: नोटीस, हरकतीची सुनावणी, कारणांसह निर्णय, वाजवी भरपाई, हे सगळं मालकाला मिळालंच पाहिजे. रजिस्ट्री, नकाशा, घरपट्टीच्या पावत्या एका फाइलीत लावा. खुणेचा फोटो टेप धरून काढा.

रामबागकर:
काका, नोटिशीत कलमच लिहिलेलं नाही. उद्या लेखी विचारते.